कांचनबुरी: यादीतली माणसं आणि यादीबाहेरची

थायलंडला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या कार्यक्रमात कांचनबुरी असलंच तर एका दिवसाचं असतं. सकाळी बँकॉकहून व्हॅनने निघायचं, क्वाय नदीवरचा पूल बघायचा, त्यावर उभं राहून फोटो काढायचे, जेवायचं आणि अंधार पडेपर्यंत परत. आम्ही तिथे मुक्काम ठोकला तो बाबांमुळे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या पर्मनंट वे खात्यात गेली. रूळ, स्लीपर, खडी आणि गँगमन यांच्यात आयुष्य काढलेल्या माणसाला समुद्रकिनाऱ्यात काडीचा रस नसतो. "ती डेथ रेल्वे अजून चालू आहे का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. ही दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी कैदी आणि मजूर राबवून थायलंड ते ब्रह्मदेश बांधलेली रेल्वे. चालू आहे म्हटल्यावर बाकी सगळं त्याभोवती ठरलं.

थोनबुरी हे बँकॉकमधलं नदीपलीकडचं छोटं स्टेशन. तिथून दिवसातून दोनच गाड्या कांचनबुरीवरून नाम टोकपर्यंत, म्हणजे या मार्गाच्या आजच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात. परदेशी माणसाला कुठेही उतरा, सरसकट १०० बाट. डबे तिसऱ्या वर्गाचे, वर पंखे, खिडक्या सताड उघड्या. एसी व्हॅन याहून लवकर पोचवते, पण मग ज्या रुळांसाठी यायचं ते बघायचे राहतात. बाबा खिडकीतून डोकं काढून बसले ते थेट कांचनबुरीपर्यंत. मीटर गेज बघून ते खूश झाले. आपल्याकडे गेज बदलाची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली होती, त्यामुळे जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं त्यांचं झालं.

पुलाबद्दल फार लिहीत नाही. काळा लोखंडी पूल, मधोमध फळ्या टाकलेल्या, गाडी आली की बाजूला उभं राहायला छोटे कठडे. कमानीसारखे गोलाकार गर्डर मूळचे, जपान्यांनी जावाहून आणलेले. मधले दोन सरळ कडांचे गर्डर युद्धानंतरचे. १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पूल पाडला, तो जपानने भरपाई म्हणून दुरुस्त करून दिला. हा फरक तिथे गेल्यावर डोळ्यांना लगेच दिसतो, पण सेल्फीच्या गर्दीत कोणी वर बघत नाही. गंमत म्हणजे पूल मुळात क्वाय नदीवर नव्हताच. ही नदी मे क्लोंग. १९५७ साली एक इंग्रजी चित्रपट जगभर गाजला, लोक 'क्वाय नदीवरचा पूल' शोधत यायला लागले, मग सरकारनेच १९६०च्या दशकात नदीच्या या भागाचं नाव बदलून ख्वे याई करून टाकलं (इंग्रजीतलं क्वाय ते हेच ख्वे). चित्रपटाचं शूटिंग तर श्रीलंकेत झालं होतं. पर्यटकाचं मन मोडू नये म्हणून नदीचं बारसं करणारा देश मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुलापासून थोड्या अंतरावर झाडीत एक स्मारक आहे. गाइड तिथे थांबत नाहीत. रेल्वे बांधताना मेलेल्यांसाठी जपानी सैन्यानेच १९४४ मध्ये ते उभारलं, म्हणजे युद्ध चालू असतानाच. मधे स्तंभ, भोवती भिंती, त्यांवर वेगवेगळ्या भाषांतले शिलालेख. त्यात इंग्रजी आहे, चिनी आहे, मलय आहे आणि तमिळही आहे. तमिळ अक्षरं पाहून मी थबकले. इथे तमिळ कशाला? त्या वेळी मला अर्धवटच माहीत होतं.

पूर्ण उत्तर मिळालं ते स्टेशनजवळच्या डेथ रेल्वे म्युझियममध्ये. रॉड बीटी नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने वर्षानुवर्षं जंगलात हिंडून जुन्या मार्गाचा माग काढला आणि २००३ मध्ये हे संग्रहालय उघडलं. तलवारी, बंदुका, गणवेश मांडून ठेवणारी युद्धसंग्रहालयं मला लवकर कंटाळवाणी होतात. इथे तसं नाही. इथे आधी नकाशा आहे, मग चढ-उतार, मग पाऊस, मग भात, मग रोग. एखादा प्रकल्प कसा आखला आणि माणसं त्यात कशी संपली, हे हिशेबाने मांडलं आहे. बाबांना तर तिथून हलवणं मुश्कील झालं.

थोडक्यात गोष्ट अशी. १९४२ च्या सुरुवातीला जपानने सिंगापूर घेतलं, ब्रह्मदेश घेतला. ब्रह्मदेशातल्या सैन्याला रसद पोचवायचा मार्ग समुद्राचा, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून रंगूनला. त्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराचं कंबरडं मोडलं आणि पाणबुड्यांच्या भीतीने तो मार्ग बेभरवशाचा झाला. म्हणून जमिनीवरून रेल्वे: थायलंडच्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायातपर्यंत, ४१५ किलोमीटर. हाच मार्ग पूर्वी इंग्रजांनीही विचारात घेतला होता आणि डोंगर, जंगल, पाऊस, मलेरिया बघून सोडून दिला होता. जपान्यांनी दोन्ही टोकांकडून काम काढलं आणि १७ ऑक्टोबर १९४३ ला रूळ जोडले. साधारण सोळा महिन्यांत. रूळ तरी कुठले? मलायातल्या, म्हणजे आजच्या मलेशियातल्या, पूर्वेकडच्या रेल्वेचे उखडून आणलेले.

"सोळा महिने," बाबा म्हणाले, "आमच्याकडे सर्व्हेला लागतात." मग थोडं थांबून, "पण आम्ही मशिनला डिझेल घालायचो. ह्यांनी माणसं घातली."

युद्धकैदी होते साठ हजारांहून अधिक: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, थोडे अमेरिकन. त्यांतले बारा हजारांहून जास्त मेले. ही माणसं सगळ्यांना ठाऊक आहेत. पुस्तकं त्यांचीच, चित्रपट त्यांचेच. पण त्याच रेल्वेवर आशियाई मजूर होते किमान दोन लाख: मलायातले तमिळ, चिनी आणि मलय, जावातले, ब्रह्मदेशातले. त्यांतले किती मेले याचा नेमका आकडा कुणाकडेच नाही. अंदाज नव्वद हजारांच्या आसपासचा सांगतात, काही त्याहून वरचा. मलायातल्या रबराच्या मळ्यांमध्ये युद्धामुळे काम बंद पडलं होतं. रोज एक डॉलर मजुरी, रेशन, राहायला जागा असं सांगून सुरुवातीला भरती केली. काही जण बायकापोरांसकट निघाले. परत कोणी येत नाही हे कळल्यावर लोक यायचे थांबले, तेव्हा मळ्यांतून आणि रस्त्यांवरून धरून नेलं.

दोघांचे हाल सारखेच. तोच भात, तोच पाऊस, तोच कॉलरा. मग मरणात एवढा फरक का पडला? कैदी हे सैन्य होतं. त्यांच्यात शिस्त होती, अधिकारी होते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डॉक्टर होते. नदीचं पाणी उकळून, त्याचं ऊर्ध्वपातन करून, मीठ घालून, बांबूच्या बारीक नळीने सलाइन द्यायचे. पाणी उकळून प्या, संडास दूर खणा, माशा मारा, हे हुकूम म्हणून पाळलं जायचं. कांचनबुरीतला बूनपोंग नावाचा व्यापारी भाजीपाल्याच्या नावाखाली नदीतून औषधं आणि पैसे छावण्यांत पोचवायचा. पुढे ब्रिटिशांनी त्याला जॉर्ज मेडल दिलं. मजुरांच्या छावणीत यातलं काही नव्हतं. कॉलरा आला की धडधाकट असतील ते जंगलात पळायचे आणि आजारी जिथे असतील तिथे पडून राहायचे.

आणि कैद्यांकडे यादी होती. कोण मेला, कधी, कशाने, कुठल्या छावणीत, कितव्या थडग्यात. हे कागद जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून बाटल्यांत, बांबूत घालून पुरून ठेवायचे. सप्टेंबर १९४५ मध्ये, युद्ध संपून जेमतेम महिना झालेला असताना, त्या याद्या घेऊन तेरा माणसांचं एक पथक रेल्वेमार्गावर निघालं. सगळे स्वतः सुटका झालेले कैदी, घरी जायचं सोडून आलेले. त्यांनी १४४ दफनभूमी आणि १०,५४९ थडगी शोधली. यादीप्रमाणे असायला हवी होती त्यांतली फक्त ५२ सापडली नाहीत. त्या जंगलात, तशा पावसानंतर, ५२.

हा आकडा मी वहीत लिहून घेतला. मजुरांच्या बाबतीत असं काही शोधायला निघालेलं पथक नव्हतं, कारण हातात घेऊन निघावी अशी यादीच नव्हती.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर कॉफी प्यायला जागा आहे आणि तिथल्या काचेतून समोरची दफनभूमी पूर्ण दिसते. ही मांडणी ज्याने केली त्याला दाद द्यावीशी वाटली. आकडे वाचून डोकं जड झालेलं असतं आणि समोर ते आकडे रांगेत दिसतात.

कांचनबुरी वॉर सिमेट्रीत जवळजवळ सात हजार थडगी आहेत, त्यांतली एकोणीसशेच्या आसपास डचांची. युरोपातल्या युद्धस्मशानांच्या फोटोत पांढरे उभे दगड असतात, तसे इथे नाहीत. जमिनीलगत बुटके तिरपे चौथरे, त्यांवर ब्राँझची पाटी. पलटणीचं चिन्ह, नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ, काहींच्या पाटीवर नाही. वाचायचं तर प्रत्येक पाटीपुढे वाकावं लागतं. दोन पाट्यांच्या मधल्या पट्ट्यात फुलझाडं लावलेली, माळी सकाळपासून कामाला लागलेले. वयं वाचत गेले तर बावीस, चोवीस, एकोणतीस, एकवीस. तारखा बघत गेलं तर १९४३ चे मे, जून, जुलै, ऑगस्ट पुन्हा पुन्हा येतात. हा पावसाळा. त्याच महिन्यांत जपानी इंजिनिअर 'स्पीडो, स्पीडो' करत कामाला जुंपत होते आणि त्याच महिन्यांत कॉलरा आला. दोन थडग्यांत मिळून तीनशे जणांची राख आहे, निके छावणीत कॉलऱ्यात गेलेल्यांची.

प्रवेशद्वाराच्या छोट्या इमारतीत नोंदवही ठेवलेली असते. तिथेच भिंतीवर बघायला विसरू नका. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातल्या अकरा जणांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्यांना थायलंडमधल्या मुस्लिम कबरस्तानांत पुरलं होतं, पण त्या कबरींची देखभाल शक्य नव्हती म्हणून नावं इथे आणली. गर्दी सरळ हिरवळीकडे जाते, या भिंतीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

"अकराच?" बाबांनी विचारलं.

मी जमेल तसं सांगितलं. सिंगापूर पडलं तेव्हा हिंदी सैनिक हजारोंनी पकडले गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना गोऱ्यांपासून वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानावर जमवलं. त्यांतले बरेच आझाद हिंद सेनेत गेले, जे गेले नाहीत त्यांतल्या अनेकांना न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला धाडलं. या रेल्वेवर सैनिक म्हणून आपले फार थोडे होते. बाबांनी नावं एकेक करून वाचली, ओठ हलवत. मग नोंदवहीत आपलं नाव लिहिलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात 'मेंटेनन्स एक्सलंट' असं लिहिलं. मला हसू आलं, पण त्यांच्या कोशात याहून मोठी दाद नाही.

दुसऱ्या दिवशी हेलफायर पास, म्हणजे या रेल्वेसाठी डोंगराचा कातळ कापून केलेली खिंड. कांचनबुरीहून ३२३ नंबरच्या हमरस्त्याने सुमारे ८० किलोमीटर. सांगख्ला बुरीकडे जाणारी बस तिथे सोडते. परतताना मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवायचा आणि बस थांबेल अशी आशा करायची. बरोबर ज्येष्ठ असतील तर सरळ गाडी ठरवा. तिथलं केंद्र ऑस्ट्रेलियन सरकार चालवतं. प्रवेश फुकट, कानाला लावायचं ऑडिओ यंत्रही फुकट. ते यंत्र नक्की घ्या. त्यात इथे राबून परतलेल्या कैद्यांचे आवाज आहेत, म्हातारपणी रेकॉर्ड केलेले. कोणी रडत नाही, कोणी भाषण देत नाही. एखादा माणूस जुन्या ऑफिसातल्या गोष्टी सांगेल तशा सुरात ते कॉलऱ्याचं सांगतात, आणि त्यामुळेच ते ऐकवत नाही.

केंद्रापासून लाकडी पायऱ्या उतरून खाली जुन्या मार्गावर यायचं. रूळ नाहीत. युद्धानंतर नाम टोकच्या पुढचा मार्ग उखडून टाकला. चालत गेलं की दोन्ही बाजूंनी कातळ वर चढायला लागतो आणि आपण त्या चिरेत शिरतो. जास्तीत जास्त खोली २५ मीटरच्या घरात, लांबी ७५ मीटरच्या आसपास. मधोमध एक झाड उगवून मोठं झालं आहे. कातळाच्या फटींत युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी ठेवतात ती कागदाची लाल पॉपीची फुलं आणि छोटे ऑस्ट्रेलियन झेंडे खोचलेले.

इथे बाबा कामाला लागले. रेल्वेतला माणूस कटिंग, म्हणजे रुळांसाठी कापलेला डोंगर, बघतो म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा पाहिलं. आधी त्यांनी पाणी कुठून वाहून जात असेल ते शोधलं. मग भिंतीला हात लावून म्हणाले, "हे बघ, सुरुंगाचं भोक." कातळावर उभी, अर्धगोल, बोटभर रुंद खाच होती. अशा खाचा सगळीकडे आहेत. एका ठिकाणी तर पहारीचं तुटलेलं टोक अजून दगडात अडकलेलं आहे. पद्धत अशी: एकाने लोखंडी पहार उभी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. मधूनमधून भोकातला भुगा काढायचा. पुरेसं खोल गेलं की डायनामाइट, स्फोट, मग फुटलेला दगड हातांनी आणि टोपल्यांनी बाहेर. सुरुवातीला एका जोडीने दिवसाला मीटरभर खोल जावं अशी अपेक्षा होती, ती वाढवत दोन-तीन मीटरवर नेली. रात्रीही काम चालायचं, बांबूच्या शेकोट्या आणि तेलाच्या दिव्यांवर. त्या उजेडात हाडकुळी माणसं आणि त्यांच्या सावल्या वरून बघताना नरकासारखं दिसायचं, म्हणून हेलफायर.

"पण मग बोगदा का नाही केला?" मी विचारलं. एवढा डोंगर वरून खाली कापण्यापेक्षा आरपार जाणं सोपं, असं मला वाटत होतं.

बाबा म्हणाले, "बोगद्याला तोंडं दोनच. दोन्हीकडून किती माणसं लावशील? पन्नास, शंभर. कटिंगला सगळ्या लांबीवर एकदम माणसं लावता येतात. माणसं फुकटची असली की कटिंगच परवडतं."

बाबा आवाज न चढवता, साईटवर ज्युनिअरला समजावतात तसं बोलत होते. संग्रहालयातल्या सगळ्या फलकांपेक्षा मला या एका वाक्याने जास्त कळलं. चढ जास्त चालत नाही म्हणून मार्ग नदीच्या खोऱ्याला धरून, खोरं अरुंद म्हणून कड्याला चिकटून, घाई म्हणून बोगद्याऐवजी कटिंग. प्रत्येक निर्णय कागदावर बरोबर होता.

तिथे एडवर्ड डनलॉप या ऑस्ट्रेलियन सर्जनच्या नावाची पाटी आहे. 'वेअरी' डनलॉप म्हणून तो ओळखला जायचा. चालता न येणाऱ्या आजाऱ्यांना कामावर नेऊ नये म्हणून तो जपान्यांपुढे उभा राहायचा, मार खायचा. १९९३ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी ॲन्झॅक दिनी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मृतिदिनी, २५ एप्रिलला, त्याची थोडी राख इथे आणून टाकली. दर वर्षी त्या दिवशी पहाटे इथे मोठा कार्यक्रम होतो, त्यामुळे त्या सुमारास कांचनबुरीत राहायला जागा मिळणं कठीण.

हिंटोकपर्यंत पुढेही चालत जाता येतं, पण उन्हात बाबांना घेऊन मी गेले नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून इतर महिन्यांत जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा आणि पाणी भरपूर ठेवा. पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, चढताना गुडघे बोलतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हेलफायर पासमध्ये झेंडे आहेत ऑस्ट्रेलियाचे. दफनभूमीत नावं आहेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. वाट चाय चुंफोन या देवळाच्या आवारात बांबूच्या झोपडीत जीथ नावाचं जुनं संग्रहालय आहे. ते नाव सहा देशांच्या आद्याक्षरांचं: जपान, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, थायलंड, हॉलंड. ज्यांची माणसं सर्वाधिक मेली तो मलाया त्यात नाही, ब्रह्मदेश नाही, जावा नाही. याला कोणाचं कारस्थान म्हणता येणार नाही. ज्या देशाकडे यादी, सरकार आणि पैसा होता त्याने आपली माणसं शोधली, पुरली, सांभाळली. ऑस्ट्रेलियाने हे इतक्या निष्ठेने केलं की हेवा वाटतो. मलायाच्या मळ्यातल्या तमिळ मजुराचं सरकार कुठलं? जिथे जन्मला तिथलं वसाहतीचं, की जिथून आजोबा आला तिथलं? दोन्हीकडून कोणी विचारपूस केली नाही. १९९० मध्ये कांचनबुरीजवळ उसाच्या शेतात खणताना शेकडो सांगाडे सापडले. ते मजुरांचेच असावेत असं मानतात. त्यांतले काही नंतर एका खासगी संग्रहालयात काचेमागे मांडले गेले. सैनिकांच्या थडग्यावर ब्राँझची पाटी आणि मजुरांची हाडं शोकेसमध्ये.

दफनभूमीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर वाट थावोर्न वाराराम हे व्हिएतनामी धाटणीचं देऊळ आहे. त्याच्या आवारात मजुरांच्या अस्थींवर बांधलेलं स्मारक आहे. आम्ही विचारत विचारत पोचलो, कारण आमच्या हॉटेलात कुणाला ते ठाऊक नव्हतं. गुडघे आणि खांदे झाकलेले असू द्या, हे वापरातलं देऊळ आहे. तिथेच २०२३ मध्ये मलेशियातल्या तमिळ वंशजांनी पुढाकार घेऊन एक दगड उभा केला, नडुकल. आपल्याकडे गावोगावी वीरगळ असतात ना, तीच परंपरा: लढाईत पडलेल्याच्या नावाने उभा केलेला दगड. आपल्या वीरगळावर खाली झुंज, मधे अप्सरा, वर कैलास असे टप्पे कोरलेले असतात. या माणसांच्या वाट्याला झुंजही आली नव्हती, तरी त्यांना वीराचा मान द्यायचा हे वंशजांनी ऐंशी वर्षांनी ठरवलं. मला ते पटलं.

बाबा मात्र दगडापाशी वेगळ्याच विचारात होते. आझाद हिंद सेना ब्रह्मदेशात गेली ती कशाने, असं त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना बहुधा ठाऊक होतं. याच रेल्वेने. रूळ जोडले गेले १७ ऑक्टोबर १९४३ ला, आणि चारच दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, सिंगापुरात नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. पुढच्या महिन्यांत सेनेच्या तुकड्या या मार्गाने रंगूनकडे निघाल्या. आणि सेनेत भरती झालेल्यांत मळ्यातले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते, झाशी राणी रेजिमेंटमधल्या बहुसंख्य मुली त्याच मळ्यांतल्या. रेल्वेच्या कामावर धरून नेण्यापेक्षा सेनेत जाणं बरं, असाही हिशेब काहींनी केला. मळ्यातल्या एकाच रांगेतल्या झोपड्यांमधून एक भाऊ रूळ टाकायला गेला, दुसरा बहुधा त्याच रुळांवरून इंफाळच्या मोहिमेला. 'चलो दिल्ली' ऐकत मोठं झालेल्या आपल्या पिढ्यांना हा भाग शाळेत कोणी सांगितला नाही. नेताजींबद्दलचा माझा आदर यामुळे कमी झाला का? नाही. पण सेनेला घेऊन जाणाऱ्या आगगाडीचा फोटो यापुढे मी पूर्वीसारखा बघू शकणार नाही.

बाबा म्हणाले, "लाइन टाकणारा आणि लाइनीवरून जाणारा कधी एकमेकांना भेटत नाहीत. आमच्याकडेही तसंच होतं."

परतीच्या आधी आम्ही नाम टोकची गाडी पुन्हा पकडली, केवळ वाम्पोच्या लाकडी पुलासाठी. थाम क्रासे स्टेशनजवळ एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला खाली ख्वे नोई नदी, आणि मधून लाकडी खांबांच्या मांडणीवरून गाडी पायी चालल्यासारखी सरकते. जाताना डावीकडे बसा, नदी त्याच बाजूला आहे. सगळे मोबाइल बाहेर काढतात, आम्हीही काढले.

बेत आखणाऱ्यांसाठी एवढंच: दोन मुक्काम ठेवा. पहिल्या दिवशी दुपारी आधी संग्रहालय, मग लगेच समोरची दफनभूमी, हा क्रम उलटा करू नका. तिथून देऊळ. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलफायर पास, केंद्र दुपारी चारला बंद होतं. पूल सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. आणि पुलावर गेलातच तर शेजारच्या त्या जपानी स्मारकापर्यंत जा. तमिळ मजुरांसाठी त्यांच्याच भाषेत कोरलेला लेख या गावात अनेक दशकं तिथेच काय तो होता, आणि तो त्यांना राबवून मारणाऱ्या सैन्याने लावलेला आहे.